रंग पातळ, थर भक्कम

प्लास्टिकच्या स्केल मॉडेलसाठी नुकताच एअरब्रश घेतलेल्या छंदिष्टासमोर पहिला प्रश्न उभा राहतो तो रंगाचा. खास मॉडेलसाठी बनवलेले जपानी किंवा स्पॅनिश रंग मोठ्या शहरांबाहेर दुकानात क्वचितच दिसतात. ते मागवावे लागतात, बाटली लहान असते आणि किंमत मोठी. हस्तकलेचे ॲक्रिलिक रंग मात्र तालुक्याच्या गावातल्या स्टेशनरीच्या दुकानातही मिळतात. ते पाण्यात मिसळतात, म्हणून पाण्यानेच पातळ करून एअरब्रशच्या कपात ओतावेत असे कुणालाही वाटते. पण मग नोझल तुंबते, किंवा प्लास्टिकवर रंगाचे थेंब गोळा होतात, किंवा वाळलेला थर मास्किंग टेपबरोबर निघून येतो. यावरून ‘हे रंग एअरब्रशच्या कामाचेच नाहीत’ असा निष्कर्ष अनेकजण काढतात. माझ्या मते तो चुकीचा आहे. दोष बहुतेक वेळा रंग पातळ करण्याच्या पद्धतीत असतो. हस्तकलेच्या स्वस्त रंगात मुळात कमी असतो तो बाइंडर, म्हणजे रंगद्रव्याला धरून ठेवणारा आणि पृष्ठभागाला चिकटवणारा घटक. ही उणीव पाण्याने भरून निघत नाही. म्हणून हा रंग मुख्यतः पारदर्शक ॲक्रिलिक मीडियमने पातळ करावा आणि पाण्याला दुय्यम जागा द्यावी. या लेखाचे सारे सांगणे हेच आहे.

हे पटण्यासाठी बाटलीत काय असते ते पाहू. ॲक्रिलिक रंग हे इमल्शन असते. पाण्यात ॲक्रिलिक पॉलिमरचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात आणि त्यांच्यात रंगद्रव्य मिसळलेले असते. रंग दाट ठेवणारे, कण एकमेकांना चिकटू न देणारे आणि फेस मारणारे पदार्थ थोड्या थोड्या प्रमाणात घातलेले असतात. पाणी उडू लागले की पॉलिमरचे कण जवळ येतात, एकमेकांवर दाबले जातात आणि शेवटी एकजीव होऊन त्यांचा सलग पापुद्रा बनतो. थराचे बळ या पापुद्र्यात असते. रंगद्रव्य त्यात नुसते अडकलेले असते. हस्तकलेच्या रंगाला एका हातात पृष्ठभाग झाकायचा असतो आणि किंमतही कमी ठेवायची असते, त्यामुळे त्यात चुनखडीच्या पुडीसारखे भराव बरेच असतात. घन कण जास्त आणि त्यांना बांधणारा पॉलिमर कमी, असा हा हिशेब आहे. म्हणूनच हे रंग वाळल्यावर मॅट दिसतात, नखाने ओरखडले जातात आणि बोट घासले तर कधीकधी भुकटीही सोडतात. लाकडी खोक्यावर किंवा मातीच्या कुंडीवर ब्रशने दिलेला जाड थर हे सहन करतो. एअरब्रशने गुळगुळीत प्लास्टिकवर दिलेल्या अतिशय पातळ थराला ते झेपत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. पाणी तर शेवटी उडून जाते. मग रंगद्रव्य आणि बाइंडर यांचे परस्परप्रमाण जसेच्या तसे राहते, तेव्हा पाण्याने थर कमकुवत होईलच कसा? चित्रकारांचे रंग बनवणाऱ्या गोल्डन या अमेरिकी कंपनीने प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत गेसो नावाचे अस्तर लावलेल्या पृष्ठभागावर भरपूर पाणी घातलेला रंगही चांगला चिकटून राहिलेला दिसतो. ‘अर्ध्याहून जास्त पाणी घातले की रंग मेलाच’ हा जुना नियम त्यामुळे अचूक ठरत नाही, हे मान्य केले पाहिजे. पण या चाचण्यांचा संदर्भही पाहायला हवा. त्यातले रंग कलावंतांच्या दर्जाचे होते, म्हणजे त्यांत बाइंडर पुरेसा होता. आणि गेसो किंचित शोषून घेणारा, रंगाला पकड देणारा असतो. आपल्याकडे दोन्ही बाजू उलट्या आहेत. रंग आधीच भरावाने लादलेला आणि खाली काहीही न शोषणारे प्लास्टिक. शिवाय कण वेगळे ठेवणारे आणि रंग दाट ठेवणारे पदार्थ द्रवात विशिष्ट तीव्रतेने असले तरच काम करतात. पाणी वाढले की ती तीव्रता घटते, मग रंगद्रव्य कपाच्या तळाशी बसू लागते किंवा त्याच्या गाठी होतात. फवारलेला थेंबही जागेवर न थांबता पसरतो आणि त्यातले रंगद्रव्य कडेला जमा होते. प्रमाण कागदावर तेच राहते, मॉडेलवरचा थर मात्र सलग राहत नाही.

दुसरी अडचण पाण्याच्या पृष्ठताणाची आहे. साध्या तापमानाला पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो. मॉडेलचे किट ज्या पॉलिस्टायरिनचे बनतात त्याची पृष्ठऊर्जा याच मापात ३५ च्या आसपास भरते. द्रवाचा ताण घन पृष्ठभागाच्या ऊर्जेपेक्षा जास्त असला की द्रव पसरत नाही, त्याचे थेंब होतात. मोकळ्या प्लास्टिकवर पाणीदार रंग गोळा होतो तो यामुळेच. त्यात हाताच्या कौशल्याचा प्रश्न फारसा नसतो. यावर उपाय दोन्ही बाजूंनी करावा लागतो. पृष्ठभागाच्या बाजूने पाहिले तर किटचे भाग सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवावेत, म्हणजे साच्यातून आलेला तेलकटपणा आणि हाताचा घाम जातो. त्यानंतर सॉल्व्हंटवर आधारलेल्या प्रायमरचा एक पातळ थर द्यावा. असा प्रायमर प्लास्टिकला घट्ट धरतो आणि वरच्या रंगाला पकड देतो. मॉडेलचे खास रंग काहीजण प्रायमरशिवाय वापरतात. हस्तकलेच्या रंगाला मात्र प्रायमर टाळता येणार नाही. द्रवाच्या बाजूचा उपाय म्हणजे योग्य थिनर.

हा थिनर घरी तयार करता येतो. चित्रकलेच्या साहित्याच्या दुकानात ॲक्रिलिक ग्लॉस मीडियम मिळते. हे रंगद्रव्य नसलेले ॲक्रिलिक इमल्शनच असते. बाटलीत दुधट दिसते, वाळल्यावर पारदर्शक होते. घट्ट जेल मीडियम नको, ओतता येईल असे प्रवाही हवे. ग्लॉसऐवजी मॅट मीडियम घ्यावे असे वाटेल, पण मॅटपणा आणण्यासाठी त्यात सूक्ष्म पूड घातलेली असते. म्हणजे ज्या भरावाचा त्रास कमी करायचा आहे तोच पुन्हा वाढतो आणि नोझलही लवकर तुंबते. चमक शेवटी मॅट वार्निशने घालवता येते, म्हणून इथे ग्लॉसच बरे. एक भाग मीडियम आणि एक भाग डिस्टिल्ड वॉटर एका स्वच्छ बाटलीत मिसळून ठेवावे. बोअरवेलच्या जड पाण्यातले क्षार इमल्शनला बाधक ठरू शकतात आणि डिस्टिल्ड वॉटर औषधांच्या दुकानात सहज मिळते, म्हणून ही काटकसर करू नये. वापरताना एक भाग रंगात एक भाग हे मिश्रण, असा आरंभ करावा. रंग फार घट्ट असेल तर मिश्रण दोन भागांपर्यंत न्यावे. वेगळ्या छोट्या डबीत आधी रंग घ्यावा, त्यात थिनर थोडा थोडा घालत ढवळावे आणि गाठ राहिली नाही याची खात्री झाल्यावरच पुढचा थेंब घालावा. थेट एअरब्रशच्या कपात मिसळले तर न मिसळलेला घट्ट रंग तळाशी, नेमका सुईजवळ, जाऊन बसतो. बाजारात तयार एअरब्रश मीडियम मिळाले तर उत्तमच. तत्त्व तेच आहे.

मीडियमवर आक्षेप असा घेतला जातो की त्याने रंगाची झाकण्याची ताकद कमी होते. हे खरे आहे. बाइंडर वाढला म्हणजे तेवढ्याच थरात रंगद्रव्य कमी आले. पण एअरब्रशच्या कामात हा तोटा मोठा नाही, कारण एका फेरीत झाकायचे नसतेच. पातळ अशा तीन-चार फेऱ्या द्यायच्याच असतात; फार तर एक-दोन वाढतील. त्या बदल्यात थर टेपला टिकतो, हाताळताना कडेने उडत नाही आणि वर दिलेला वॉश, म्हणजे खाचा गडद करणारा पातळ रंग, पुसताना खालचा रंग निघून येण्याचा धोका कमी होतो. पिवळा, लाल आणि पांढरा हे मुळातच कमी झाकणारे रंग आहेत. त्यांच्याखाली आधी फिकट राखी किंवा पांढऱ्या प्रायमरची तयारी ठेवली की फेऱ्यांची संख्या आटोक्यात राहते.

थिनरमध्ये आणखी दोन गोष्टींना जागा आहे, पण थेंबाच्या मापाने. पहिली फ्लो इम्प्रूव्हर. तो पाण्याचा पृष्ठताण उतरवतो, त्यामुळे रंग प्रायमरवर सारखा पसरतो. त्याचे प्रमाण बाटलीवर लिहिलेले असते, ते ओलांडू नये. जास्त झाला की फेस येतो आणि वाळलेला थर पाण्याला कच्चा राहतो. भांडी घासायच्या साबणाचा थेंब त्याऐवजी घालण्याची सूचना अनेकदा ऐकू येते. ती टाळावी, कारण त्यात मीठ, सुगंध आणि फेस वाढवणारे पदार्थ असतात. दुसरी गोष्ट रिटार्डर. एअरब्रशच्या सुईच्या टोकावर हवेचा झोत सतत वाहत असतो आणि ॲक्रिलिक लवकर वाळते, त्यामुळे टोकावर रंगाची गुठळी धरते आणि फवारा तुटक होतो. रिटार्डरने वाळणे लांबते. इथे हवामान पाहूनच निर्णय घ्यावा. एप्रिल-मे महिन्यात नागपूर, अकोला किंवा जळगावात त्याचा उपयोग होईल. जुलैमध्ये रत्नागिरीत किंवा पणजीत हवाच इतकी दमट असते की त्याची गरज नाही, उलट थर दिवसभर चिकट राहील. ग्लिसरीन हा स्वस्त पर्याय सांगितला जातो, पण ते उडून जात नाही आणि हवेतला ओलावा ओढून घेते, म्हणून मॉडेलवर नकोच. रिटार्डर असो वा नसो, टोकावर साचलेला रंग दर काही मिनिटांनी ओल्या इअरबडने पुसण्याची सवय लावावी.

आयसोप्रोपिल अल्कोहोलचा प्रश्न वेगळा समजून घ्यायला हवा, कारण इथे दोन वेगळ्या जातींचे रंग ‘ॲक्रिलिक’ या एकाच नावाने विकले जातात. टामिया या जपानी कंपनीच्या ॲक्रिलिक रंगांत अल्कोहोलच्या जातीचे सॉल्व्हंट असतात, त्यामुळे ते आयसोप्रोपिलमध्ये किंवा कंपनीच्या थिनरमध्ये छान मिसळतात. ते पाहून तीच कृती हस्तकलेच्या रंगाला लावली जाते आणि काही रंग डबीतच फाटतात, म्हणजे त्यांच्या दह्यासारख्या गाठी होतात. इमल्शनमधले कण वेगळे ठेवणारी व्यवस्था अल्कोहोलने मोडते. काही ब्रँड थोडे अल्कोहोल सहन करतात, पण ते आधी सांगता येत नाही. वापरायचेच असेल तर चार थेंब रंगात चार थेंब अल्कोहोल घालून दहा मिनिटे थांबावे. दाणे दिसले तर त्या रंगाला अल्कोहोल लावू नये. हँड सॅनिटायझर हा आयसोप्रोपिलचा पर्याय नाही, त्यात बहुधा ग्लिसरीन किंवा जेल असते. तसेच कापडावर रंगवण्यासाठीचे ॲक्रिलिक रंगही टाळावेत. कापड दुमडले तरी तडा जाऊ नये म्हणून त्यांचा बाइंडर मऊ ठेवलेला असतो. प्लास्टिकवर तो चिवट, किंचित चिकट राहतो आणि मास्किंगला टिकत नाही.

आता नोझल. हस्तकलेच्या रंगातले कण जाड असतात म्हणून नोझल तुंबते, हे स्पष्टीकरण अर्धेच खरे आहे. ०.३ मिमीचे छिद्र म्हणजे ३०० मायक्रॉन. रंगद्रव्याचे सुटे कण याच्या तुलनेत फार लहान असतात. तुंबवतात त्या बाटलीच्या तोंडाशी वाळलेल्या रंगाच्या खपल्या आणि नीट न ढवळलेल्या गाठी. शिवाय छिद्र पूर्ण मोकळे नसतेच, मध्ये सुई असते आणि रंग तिच्याभोवतीच्या अरुंद कड्यातून जातो. म्हणून पातळ केलेला रंग गाळणे अनिवार्य आहे. २०० मेशची जाळी सुमारे ७५ मायक्रॉनपर्यंतचे कण जाऊ देते, ती पुरते. ती नसेल तर नायलॉनच्या जुन्या मोज्याचा ताणलेला तुकडा वापरावा. सुती कापड नको, त्याचे धागे सुटतात. गाळल्यावर बुडबुडे बसेपर्यंत थोडे थांबावे. या रंगांसाठी ०.४ किंवा ०.५ मिमीचे नोझल सोयीचे पडते. दाब २० ते २५ पीएसआय ठेवावा आणि तो ट्रिगर दाबून, हवा सुटत असताना वाचावा, कारण बंद अवस्थेतला आकडा नेहमी जास्त दिसतो. रंग घट्ट ठेवून दाब वाढवला तर चालणार नाही का? रंग बाहेर पडेल, हे खरे. पण जोरदार हवेत बारीक थेंब मॉडेलवर पोचण्याआधीच अर्धवट वाळतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. दाबाने पातळपणाची जागा घेता येत नाही.

पातळपणा किती, याचे ‘दुधाइतका’ हे उत्तर सगळीकडे दिले जाते. सुरुवातीच्या अंदाजासाठी ते ठीक आहे, पण त्यावर थांबू नये. पाणी घातलेला रंग आणि मीडियम घातलेला रंग हे दोन्ही दुधाइतके प्रवाही दिसू शकतात आणि तरी प्लास्टिकवर पूर्ण वेगळे वागतात. डोळ्यांना दिसतो तो प्रवाहीपणा. थराचे बळ आणि पसरण्याची क्षमता दिसत नाहीत. शिवाय एकाच कंपनीचा काळा आणि पांढरा यांचा घट्टपणा सारखा नसतो. म्हणून प्रमाण पाठ करण्यापेक्षा चाचणी करावी. प्लास्टिकच्या चमच्यांना मॉडेलबरोबरच प्रायमर द्यावा आणि प्रत्येक नवे मिश्रण आधी चमच्यावर, ७ ते १० सेंमी अंतरावरून फवारावे. रंगाचे पाय फुटून कोळ्यासारखे ओघळ पसरले तर तो फार पातळ आहे, किंवा दाब जास्त आहे, किंवा हात फार जवळ आहे. थर वाळूसारखा खरखरीत आला तर रंग घट्ट आहे किंवा हवेतच वाळतो आहे. थेंब उडत असतील तर सुईचे टोक पाहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. जमलेले प्रमाण, दाब आणि रंगाचे नाव वहीत लिहून ठेवावे.

थर पातळ हवा याचे कारण सौंदर्यदृष्टीइतकेच गणिताचेही आहे. मॉडेलवर रंगाचा एकूण थर ०.०५ मिमी झाला, तर १/७२ प्रमाणात तो खऱ्या विमानावर ३.६ मिमी जाडीच्या लेपासारखा ठरतो. खऱ्या मोटारीवरचा सगळा रंग मिळून जाडी ०.१ मिमीच्या आसपास असते. मिग-२१ चे १/७२ मॉडेल जेमतेम वीतभर लांबीचे असते. त्यावरच्या पत्र्यांच्या सांध्यांच्या रेषा या लेपात सहज बुजतात. म्हणून प्रत्येक फेरी हलकी असावी, ओला चकाकणारा थर साचू देऊ नये आणि दोन फेऱ्यांत १०-१५ मिनिटे जाऊ द्यावीत. हाताला कोरडे लागणे आणि थर पक्का होणे यात फरक आहे. मास्किंगपूर्वी निदान २४ तास, पावसाळ्यात ४८ तास थांबावे. मग त्याच चाचणीच्या चमच्यावर टेप लावून ओढून पाहावी. तिथे रंग सुटला तर मॉडेलवरही सुटेल, आणि तिथे टिकला तर निर्धास्तपणे पुढे जावे.

या साऱ्या खटाटोपापेक्षा मॉडेलचेच रंग घ्यावेत, हा शेवटचा आणि सर्वांत वजनदार आक्षेप आहे. काही कामांसाठी मी तो पूर्ण मान्य करतो. १/७२ विमानावरचा बारीक कडांचा कॅमुफ्लाज, ०.२ मिमीचे नोझल लागणारे काम आणि सर्व धातूचे रंग यांसाठी हस्तकलेची बाटली उघडू नये. धातूच्या रंगात बहुधा अभ्रकाचे चपटे कण असतात. ते नोझल अडवतात आणि लहान मॉडेलवर चकचकीत कणांसारखे वेगळे उठून दिसतात. पण डायोरामाची जमीन, रेल्वे मॉडेलमधल्या इमारती, जहाजाचा मोठा तळ, १/३५ रणगाड्याचा मूळ रंग आणि शिकताना वाया जाणारे सगळे रंग यांसाठी योग्य रीतीने पातळ केलेला हस्तकलेचा रंग पुरेसा आहे. मीडियमची एक बाटली अनेक रंगांना पुरते. शाळा-कॉलेजातल्या मुलांना हा छंद परवडण्याच्या दृष्टीने ही गोष्ट मोलाची आहे.

सुरक्षिततेबाबत मात्र काटकसर नको. बाटलीवर ‘बिनविषारी’ लिहिलेले असते ते साधारणपणे ब्रशने वापरण्याच्या हिशेबाने. फवाऱ्याचे बारीक कण श्वासातून फुप्फुसात जाणे ही वेगळी बाब आहे. पाण्यावर आधारलेला रंग फवारताना एन-९५ मास्क, उघडी खिडकी आणि शक्य असेल तर बाहेर हवा फेकणारा पंखा हवा. सॉल्व्हंटचा प्रायमर किंवा अल्कोहोल वापरताना एन-९५ पुरत नाही, वाफ शोषणारे कार्ट्रिज असलेला मास्क लागतो; आणि हे द्रव ज्वालाग्राही असल्याने जवळ गॅस किंवा देवघरातला दिवा नसावा. काम संपताच कपातून पाणी, मग क्लीनर सोडून एअरब्रश धुवावा. वाळलेले ॲक्रिलिक पाण्याने निघत नाही. रबरी वॉशर असलेला एअरब्रश ॲसिटोनमध्ये बुडवून ठेवू नये.

पुढच्या वेळी रंग पातळ करायला बसाल तेव्हा ‘किती पाणी घालू’ हा प्रश्न बाजूला ठेवा आणि वाळल्यावर या थराला धरून ठेवणारे काय उरणार आहे, ते आधी पाहा. मीडियम, डिस्टिल्ड वॉटर, गाळणी आणि प्रायमर दिलेले चार चमचे एवढी सामग्री जमवा. चमच्यावरचा रंग टेपला टिकल्याशिवाय मॉडेलला हात लावू नका.